छप्पन्नाचे चाळीस

दिवाळी अंकासाठी संपादकांचे पत्र आले, त्यात त्यांनी यंदा बजावूनच ठेवले आहे की लेख खुसखुशीत असावा आणि जमल्यास त्याला फराळाचा वास यावा. वाचकहो, वासाची हमी मी देतो. मात्र तो चकलीच्या भाजणीचा नसून पेट्रोलचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून तक्रार नको.

गोष्ट २०२४ सालची. या सदराच्या नेहमीच्या वाचकांना आमची कोथरूडची सोसायटी ठाऊक आहे: तीन मजले, बारा बिऱ्हाडे, खाली खांबांवरचे पार्किंग आणि त्या पार्किंगच्या कोपऱ्यात आमची मोटारसायकल. ही शंभर सी.सी.ची, चार स्ट्रोकची गाडी मी २००६ साली घेतली. त्याच वर्षी आमचे चिरंजीव जन्मले. दोघांपैकी कोणी मला जास्त खर्चात घातले, याचा हिशेब सौ.ने मला कधी मांडू दिला नाही. पण गाडीचा हिशेब मात्र माझ्यापाशी पहिल्या दिवसापासून आहे. पंपावरून घरी आलो की काळ्या वहीत तारीख, मीटरचा आकडा, लिटर आणि रुपये. माझ्या या वहीला घरात "गाडीची जन्मपत्रिका" म्हणतात. म्हणोत बापडे.

त्या वहीप्रमाणे आमची गाडी लिटरला छप्पन्न किलोमीटर देत असे. रस्ते खराब झाले, सिग्नल वाढले, २०२१ साली पेट्रोलने शंभरी ओलांडली, पण छप्पन्न काही हलले नाही. कोथरूडहून भोसरीला कारखान्यात जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे दोनशे चाळीस. त्याला सव्वाचार लिटर. जगात इतकी भरवशाची गोष्ट दुसरी कोणती होती? आमच्या सोसायटीची लिफ्ट तर नव्हतीच.

श्रावणात गाडीने निळा धूर मारायला सुरुवात केली. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे, हे आता शाळकरी पोरालाही कळते. मिस्त्रीने इंजिन उतरवले आणि आतले एकेक अवयव वर्तमानपत्रावर मांडून मला दाखवले. डॉक्टर मूतखडा दाखवतात तसे. सिलिंडर झिजला होता, रिंगा गेल्या होत्या. बोअरिंग करून मापाने मोठा पिस्टन, नव्या रिंगा, व्हॉल्व्हचे सील, टायमिंगची साखळी. कार्बोरेटरही खोलून धुतला. साडेनऊ हजार रुपये झाले. धूर बंद झाला, आवाज असा गोड की पहिल्या दिवशी मी घरावरून एक फेरी उगाच जास्त मारली.

आणि पहिल्या आठवड्याची टाकी भरली तेव्हा वहीत आकडा आला चाळीस.

मी गणित तीनदा केले. मग सौ.कडे दिले. ती शाळेत गणित शिकवते. तिनेही चाळीसच काढले आणि वर, "वजाबाकी बरोबर आहे, गाडी चुकली असेल," असा शेरा मारला.

मिस्त्री म्हणाला, "साहेब, नवीन रिंगा आहेत. हजार किलोमीटर जाऊ द्या." हे त्याचे म्हणणे खोटे नव्हते. नुकत्याच बोअर केलेल्या सिलिंडरचा पृष्ठभाग खडबडीत असतो, रिंगा त्यावर घासून आपली जागा करून घेतात, तोवर घर्षण जास्त आणि पेट्रोल थोडे जास्त. नव्या सुनेला सासरी रुळायला वेळ लागतो तसेच ते. म्हणून मी सबुरी धरली. गाडी चाळीसच्या वर पळवली नाही, पाचशेला तेल बदलले. सप्टेंबर सरता सरता हजार झाले. सून रुळली, आकडा मात्र चाळीसच.

लिटरमागे सोळा किलोमीटर म्हणजे आठवड्याला पावणेदोन लिटर, महिन्याला साडेसातशे रुपये. पैशांपेक्षाही मला लागले ते निराळेच. अठरा वर्षांच्या वहीला डाग लागला होता.

आता सोसायटीत एखाद्याला ताप आला की बारा घरांतून बारा काढे येतात, तसे गाडीचे झाले. कोणी म्हणाले, चाकांत हवा कमी असेल. हवा बरोबर होती. कोणी म्हणाले, ब्रेक चिकटत असेल. मेन स्टँडवर लावून मागचे चाक हाताने फिरवले, ते खुशाल फिरले. समोरच्या ब्लॉकमधल्या तरुण संगणकवाल्याने सगळा दोष पेट्रोलमधल्या इथेनॉलला दिला. हा दोष हल्ली कशालाही देता येतो, म्हणून मी जरा खोलात गेलो. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा सुमारे एक तृतीयांशाने कमी, हे खरे; पण ते मिसळायचे वीस टक्के. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या दुचाक्यांची घट तीन-चार टक्के धरली आहे. ती तुम्ही दुप्पट धरा, तरी छप्पन्नाचे बावन्न होतील, चाळीस कसे होतील? तरुण म्हणाला, "काका, सरकारी आकडे आहेत ते." मी म्हटले, "भागाकार माझा आहे."

चिरंजीवांवरही माझा संशय गेला, हे कबूल केले पाहिजे. अठरा पूर्ण झालेली, नवे लायसन्स खिशात, आणि मित्रमंडळ डेक्कनवर. एके रात्री जेवताना मी जरा आडून सुरुवात केली, तर सौ.ने भाकरी तव्यावरून काढता काढता माझा निकाल लावला.

"अहो, तो हिंडला तर मीटरही हिंडेल की! किलोमीटर वाढतील, पेट्रोल वाढेल, भागाकार तोच येईल. हे सातवीतल्या मुलीला कळतं."

चिरंजीव काही बोलले नाहीत. फक्त ताटावरून लवकर उठले.

शेवटी पहिल्या मजल्यावरचे नाना धावून आले. नाना निवृत्त इंजिनिअर. हयात कारखान्यात गेली आणि आता निवृत्तीची हयात लोकांची पाण्याची मोटर दुरुस्त करण्यात चालली आहे. त्यांनी आधी प्लग काढायला लावला. प्लगचे टोक काळेकुट्ट असले तर इंजिन पेट्रोल जास्त पिते, पांढरे पडले तर कमी. बिस्किटाच्या रंगाचे असले तर तब्येत उत्तम. आमचा प्लग अस्सल बिस्किटी होता. नानांनी तो उन्हात धरून बराच वेळ पाहिला.

"तुझी गाडी पेट्रोल जाळत नाहीये," ते म्हणाले.

"मग जातंय कुठे?"

"तेच काढू. सबंध आठवड्याची सरासरी काढू नकोस. एका दिवसाची काढ. सकाळी पंपावर टाकी काठोकाठ भर, मध्ये कुठे गाडी लावून ठेवू नकोस, आणि परत येऊन त्याच पंपावर, त्याच जागी उभी करून तितकीच भर."

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मी आणि चिरंजीव जेजुरीला गेलो. दिवे घाट, सासवड, जेजुरी. खंडोबाला खालूनच नमस्कार केला, कारण गाडी लावून ठेवायची नव्हती. देव समजून घेईल, नाना घेतले नसते. परत त्याच पंपावर. एकशे चार किलोमीटरला एक लिटर नऊशे मिली. म्हणजे पंचावन्नाला थोडे कमी, आणि तेही दोन माणसे नि घाट धरून!

नानांनी कागदावर दोन रेघा ओढल्या. चालताना गाडी पंचावन्न देते. आठवड्याभराने चाळीस. म्हणजे जे जाते ते चालताना जात नाही, उभी असताना जाते. "उभी गाडी पेट्रोल पीत नाही," नाना म्हणाले, "तेव्हा कुणीतरी दुसरंच पितंय."

या वाक्यात मला एकही भोक सापडले नाही. तुम्हाला सापडले असेल तर तुम्ही माझ्यापेक्षा हुशार. पार्किंगमध्ये रात्री उभ्या गाडीतून पेट्रोल काढणे काही अवघड नाही. कॉकपासची रबरी नळी ओढली आणि खाली बाटली धरली की झाले. आणि पार्किंगमध्ये रात्रभर असते कोण? एकच माणूस.

आमचे वॉचमन, ज्यांना सगळी सोसायटी "मामा" म्हणते, ते औशाकडचे. जिन्याखालच्या खोलीत ते, मामी आणि आठवीतली मुलगी. मामी आमच्याच इमारतीत चार घरची भांडी घासायच्या. सहा वर्षांत मामांबद्दल तक्रार अशी नव्हती. पण संशय एकदा उभा राहिला की त्याला टेकू आपोआप येऊन मिळतात. मला आठवले की सप्टेंबरात एका सकाळी मी घाईत निघालो असताना मामा म्हणाले होते, "सायेब, रातच्याला गाडीखाली कायतरी गळतंय बगा." मी वाकून पाहिले होते. फरशी कोरडी ठणठणीत. तेल गळले असते तर काळा डाग नसता का पडला? मी "बघतो" म्हणून निघून गेलो होतो. आता मला त्याचा अर्थ लागला: गड्याने सबब आधीच तयार करून ठेवली होती! त्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी भर घातली. पहाटे पाचला फिरायला जाताना त्यांनी मामांना माझ्या गाडीपाशी वाकलेले पाहिले होते. एकदा नव्हे, तीन-चार वेळा.

मी सेक्रेटरींच्या कानावर घातले. मी फक्त कानावर घातले, असे मी पुढे बरेच दिवस म्हणत असे. सेक्रेटरींनी मामांना बोलावून सांगितले, की इथून पुढे कोणाच्याही गाडीला हात लावायचा नाही. मामा "बरं" म्हणाले.

आणि त्याच्या पुढल्या आठवड्यात आकडा आला चौतीस.

मी वही घेऊन थेट सेक्रेटरींकडे गेलो. हा तर उघड उघड सूड होता! दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मीटिंग भरली. तिथे आणखी एक तक्रार निघाली: मामा हल्ली पार्किंगच्या त्या कोपऱ्यात खेळणाऱ्या पोरांवर ओरडतात, एकाचा चेंडू काढून घेतला. बारापैकी नऊ हात वर झाले. एका एजन्सीचा माणूस १ नोव्हेंबरपासून घ्यायचा आणि मामांनी महिनाअखेर खोली सोडायची. नाना हात वर न करता चष्मा पुसत बसले होते. माझा हात वर होता.

घरी आल्यावर सौ.ने एवढेच विचारले, "तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत का?"

"सगळं जुळतंय."

"पाहिलंत का?"

मी पाहिले नव्हते. ते तिला पटेना. आणि खरे सांगायचे तर तिला पटत नसलेली गोष्ट मला फार दिवस पटवून ठेवता येत नाही. म्हणून वसुबारसेच्या रात्री मी ठरवले, की पुरावा डोळ्यांनीच पाहायचा. संध्याकाळी पोरांनी खाली फुलबाज्या आणि भुईचक्रे उडवली होती, आणि मामा पुन्हा त्यांना त्या कोपऱ्यातून हाकलत होते, ते मी गॅलरीतून पाहिले. अकराला दिवे मालवले. चिरंजीव म्हणाले, "बाबा, मीही बसतो." आम्ही दोघे जिन्याच्या वळणावर, शाल पांघरून.

दोन वाजून गेले असतील. मामा काठी टेकत आले, इकडेतिकडे पाहिले आणि माझ्या गाडीपाशी उकिडवे बसले. त्यांच्या हातात डबा होता. माझ्या छातीत धडधड सुरू झाली. त्यात थोडा आनंदही होता, हे लिहायला मला लाज वाटते. मी चार पायऱ्या एका उडीत उतरलो आणि ओरडलो, "मामा!"

मामा दचकले नाहीत. त्यांनी बोट ओठांवर ठेवले, सगळे झोपले आहेत म्हणून, आणि मला जवळ यायची खूण केली.

डबा रंगाचा होता, रिकामा केलेला. कार्बोरेटरच्या खालून जी बारीक नळी लोंबते, तिच्या टोकाखाली त्यांनी तो बरोबर धरला होता. चिरंजीवांनी मोबाईलचा दिवा लावला. नळीच्या टोकाशी थेंब जमला, फुगला, डब्यात पडला. काही क्षण गेले. दुसरा जमला. डब्याच्या तळाशी अर्धी वाटी पेट्रोल. सभोवती फरशीवर त्यांनी वाळू पसरली होती.

"मी बोललो व्हतो की सायेब," मामा म्हणाले, "गळतंय म्हून."

"पण सकाळी तर कोरडं असतं!"

"प्येट्रोल हाय ते. सकाळपतुर राहतंय व्हय?"

हे अठरा वर्षे वही लिहिणाऱ्या माणसाला सुचले नव्हते. तेल डाग ठेवते. पेट्रोल थेंबाथेंबाने पडले तर वाऱ्यावर उडून जाते आणि सकाळी फरशी साळसूद.

मग एकेक उलगडत गेले. सप्टेंबरात मी "बघतो" म्हणून काही बघितले नाही, तेव्हापासून मामाच रात्री सगळे झोपले की गाडीचा कॉक बंद करत आणि पहाटे मी खाली यायच्या आत उघडून ठेवत. कारण बंद राहिला तर सायबांची गाडी कोपऱ्यावर जाऊन बंद पडेल. तेच काकांनी पाहिले होते. दसऱ्याच्या आधी सेक्रेटरींनी गाडीला हात लावू नको म्हणून सांगितले, तेव्हा त्यांनी कॉक बंद करणे सोडले. माझे चाळीसचे चौतीस झाले ते त्यामुळे. हात लावायचा नाही, पण खाली डबा ठेवायला तर कोणी मना केले नव्हते! आणि पोरांना हाकलत होते ते दिवाळीच्या ठिणग्यांमुळे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती वर जात नाही, फरशीलगत सरपटत जाते. मामांना हे शास्त्र कोणी शिकवले नव्हते. त्यांना वास येत होता, एवढेच.

"मीटिंगीत का नाही बोललात?" चिरंजीवांनी विचारले.

"मला कुटं बोलावलं व्हतं?"

हेही खरेच होते.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने कार्बोरेटर उघडला. त्यात खाली पेट्रोलची एक छोटी वाटी असते आणि तीत एक तरंगणारा फ्लोट. आपल्या पाण्याच्या टाकीतल्या बॉलकॉकचाच तो धाकटा भाऊ. वाटी भरली की फ्लोट वर येतो आणि एक सुई भोकात बसून पेट्रोल बंद करते. इंजिनाच्या कामासाठी टाकी काढून आडवी-उभी केली, तेव्हा तळचा गंज हलला आणि त्यातला एक कण त्या सुईच्या बैठकीवर जाऊन बसला. सुईचे रबरी टोकही झिजलेले. गाडी चालत असताना इंजिन इतके पेट्रोल ओढते की ही बारीक गळती त्यात पोटात जाते, म्हणून जेजुरीला जाताना पंचावन्न आले आणि प्लगही बिस्किटी राहिला. उभी राहिली की वाटी भरून वाहते आणि जास्तीचे त्या नळीवाटे बाहेर. ती नळी त्याचसाठी असते. नसती तर पेट्रोल इंजिनात उतरून तेलात मिसळले असते आणि पुन्हा साडेनऊ हजार. कारखान्याच्या आवारात दिवसभर असेच खडीत मुरत होते. तिथे पाहायला कोणी मामा नव्हते.

नवी सुई एका वेळच्या चहा-भज्यांच्या पैशांत आली. मिस्त्री ओशाळला होता, पैसे घेईना. "पण साहेब," तो म्हणाला, "तुम्ही कॉक बंद करत नाही का रात्री?"

माझे वडील स्कूटर लावली की आधी कॉक बंद करत, मग हँडल लॉक. तिसऱ्या मजल्यावर पोहोचल्यावर आठवण झाली तर परत खाली उतरत. आम्ही त्यांना हसत असू. १ एप्रिल २०२० ला बी.एस.सहाचे नियम आल्यापासून तर बहुतेक नव्या गाड्यांत कार्बोरेटर गेला, इंजेक्शन आले, आणि त्याबरोबर तो कॉकही गेला. मिस्त्रीच्या हाताखालच्या पोराने कॉक कशासाठी असतो असे माझ्यादेखतच विचारले.

नाना त्या संध्याकाळी वर आले. "माझं वाक्य चुकलं," ते म्हणाले, "उभी गाडी पीत नाही. सांडते." मग बराच वेळ बसले आणि चहा न घेताच गेले.

मी सेक्रेटरींकडे गेलो. त्यांनी माझे सगळे शांतपणे ऐकून घेतले. म्हणाले, "फार वाईट झालं हो. पण एजन्सीशी अकरा महिन्यांचा करार झालाय, डिपॉझिट गेलंय. ठराव फिरवायचा तर पुन्हा मीटिंग लागेल. दिवाळीत कोण येणार?" मी बारा दारे फिरलो. कोणी फराळ पुढे केला, कोणी "आम्हाला तर आधीपासूनच वाटत होतं" म्हणाले. (मग हात वर का केला, हे मी विचारले नाही, मलाही ते विचारता आले असते.) नऊ हातांपैकी सहांनी सही दिली. ठरावाला ती पुरेशी होती, आणि कागद घेऊन मी जिन्याखाली गेलो.

खोलीत दोन ट्रंका बांधून ठेवल्या होत्या. मामांनी कागद हातात घेतला, वाचला, घडी घालून परत दिला.

"ऱ्हाऊ द्या सायेब. तुमचं काय नाय. पर पोरीला खालची पोरं चोराची म्हनली. ती आता हितं ऱ्हात नाय म्हनती."

मुलगी पलीकडे तोंड करून दप्तर भरत होती. तिची शाळा इथून दहा मिनिटांवर. मी काय बोललो ते मला आठवत नाही. काहीतरी बोललो असेन.

घरी आल्यावर चिरंजीवांच्या खोलीत गेलो. जेजुरीला जाताना तो मागे बसून मला काय काय सांगत होता, आणि मी सगळा वेळ मीटरकडे बघत होतो. त्याला म्हटले, "त्या दिवशी जेवताना मी जे बोललो..." तो म्हणाला, "जाऊ द्या बाबा, आईने भागाकार करून दाखवला ना." मग थोड्या वेळाने, "मामांचा कोणी करून दाखवला नाही," असे म्हणाला आणि पुस्तकात तोंड घातले.

भाऊबीजेनंतरच्या रविवारी पत्ता काढून मी हडपसरला गेलो. सौ.ने डबा भरून दिला होता, आणि मामींची चार घरची राहिलेली बाकी मी सगळ्यांकडून गोळा करून पाकिटात घेतली होती. मोठी थोरली सोसायटी, सात मजल्यांच्या सहा इमारती. मामा फाटकाशी निळ्या गणवेशात. खोली मिळाली नव्हती. भाड्याने एक घेतली होती, तिथून चालत अर्धा तास. मुलीचे नाव शाळेत घालायचे राहिले होते, सहामाहीनंतर घेतो म्हणाले होते. तिच्या जुन्या शाळेचा दाखला आणायचे काम मी मागून घेतले. सौ.च्या ओळखीने ते चार दिवसांत झालेही.

मामांनी डबा घेतला, पाकीट घेतले, पाकिटातले पैसे मोजले नाहीत. मला खुर्ची दिली, स्वतः उभे राहिले. नव्या साहेबांच्या मोटारी आत-बाहेर होत होत्या, दर दोन मिनिटांनी त्यांना सलाम ठोकायला जावे लागे, त्यामुळे बोलणे तुटक तुटकच झाले. मध्येच त्यांनी विचारले, "गाडी आता किती देती?"

"छप्पन्न," मी म्हणालो.

"ब्येस झालं."

मग ते माझ्या गाडीकडे गेले. मी ती फाटकाच्या आत, भिंतीला लावून ठेवली होती. मामा उकिडवे बसले, नळीखाली बोट धरून पाहिले, ते कोरडे निघाले. तरी त्यांनी हात वर घातला आणि कॉक फिरवून बंद केला.

मी तो आजही उघडाच ठेवून आलो होतो.